टेस्टोस्टेरॉन मोठ्याचं, वृषण बाळाचं: सर्टोली पेशींतल्या एका ग्राहीचं प्रकरण

दोन-तीन महिन्यांच्या अगदी निरोगी मुलाचं रक्त तपासलं, तर त्यात टेस्टोस्टेरॉन चांगलं भरपूर सापडतं. साधारण 200 ते 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे प्रौढ पुरुषाच्या पातळीच्या खालच्या टोकाला जवळजवळ टेकलेलं. पुढच्या काही महिन्यांत हे प्रमाण घसरतं आणि सहा महिन्यांच्या सुमारास ते नगण्य होतं. त्यानंतर वयात येईपर्यंत सगळं शांत. फ्रान्समधल्या ल्योंच्या मॅग्लोन फोरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ही बाब मोजून दाखवली. आज बालरोगतज्ज्ञ या काळाला मिनिप्युबर्टी म्हणतात. तिच्यात पीयूषिका ग्रंथीतून येणारी एलएच आणि एफएसएच ही दोन्ही संप्रेरकंही वाढलेली असतात.

या लेखातलं प्रकरण इथूनच सुरू होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या वृषणात हेच टेस्टोस्टेरॉन वाढलं की उलथापालथ होते. शुक्रजनक नलिकांमधल्या सर्टोली पेशी विभाजन थांबवतात आणि प्रौढ होतात. एकमेकींना घट्ट चिकटून त्या रक्त आणि नलिकेचा आतला भाग यांच्यामध्ये भिंत उभी करतात. जननपेशींचं अर्धसूत्री विभाजन सुरू होतं आणि शेवटी शुक्रजंतू तयार होतात. बाळाच्या वृषणात मात्र यातलं काहीच घडत नाही. नलिका बारीक आणि भरीवच राहतात, सर्टोली पेशी कोवळ्याच राहतात, शुक्रजंतूंचा मागमूसही नसतो. संप्रेरक तेच, अवयव तोच, आणि परिणाम शून्य. असं का व्हावं?

मानवी वृषणाच्या वाढीत कोणतं प्रथिन कोणत्या पेशीत कोणत्या वयात दिसतं, या प्रश्नाचं महत्त्व कळायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून ते सविस्तर मांडतो.

एएमएचची साक्ष

एएमएच (अँटी-मुलेरियन हॉर्मोन) हे नाव मराठी घरांत आता बऱ्यापैकी पोचलंय, पण ते वंध्यत्वाच्या दवाखान्यातून. बाईच्या अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज घ्यायला ही तपासणी करतात. त्यामुळे हे बायकांचंच संप्रेरक आहे असा समज रुळलाय. प्रत्यक्षात त्याचा शोध लागला तो पुरुष गर्भाच्या अभ्यासातून.

फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्त यांनी 1940च्या दशकात सशाच्या गर्भावर आईच्या पोटात असतानाच शस्त्रक्रिया करून वृषणं काढून टाकली. त्या गर्भांमध्ये गर्भाशय आणि गर्भनलिका तयार झाल्या, मग गुणसूत्रांनी तो गर्भ नर असो की मादी. त्यानंतर त्यांनी वृषणाच्या जागी पुरुष संप्रेरकाचा खडा ठेवून पाहिला. वुल्फियन नलिका टिकल्या, म्हणजे पुढे शुक्रवाहिनी होणारा भाग वाचला. पण मुलेरियन नलिका, ज्यांच्यापासून गर्भाशय होतं, त्या काही नाहीशा झाल्या नाहीत. अर्थ स्वच्छ होता: वृषणातून टेस्टोस्टेरॉनखेरीज आणखी काहीतरी बाहेर पडतं आणि तेच मुलेरियन नलिका पुसून टाकतं. ते ‘आणखी काहीतरी’ म्हणजे एएमएच. पुढे पॅरिसच्या नताली जोसो यांच्या गटाने त्याचा पिच्छा पुरवला आणि 1986 साली त्याचं जनुक हाती आलं. ते 19व्या गुणसूत्रावर आहे.

एएमएच बनवतात सर्टोली पेशी. एन्रिको सर्टोली यांनी 1865 साली, वयाच्या जेमतेम तेविशीत, या फांद्याफांद्यांच्या पेशींचं वर्णन केलं. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक काही पेशींमध्ये जागं होतं, त्यातून सॉक्स-9 हे प्रथिन वाढतं आणि त्या पेशी सर्टोली होतात. आठव्या आठवड्याच्या आसपास त्यांनी एएमएच बनवायला सुरुवात केलेली असते. जन्मानंतरही ते बनतच राहतं आणि लहान मुलाच्या रक्तात भरपूर असतं. वयात येताना मात्र ते झपाट्याने, कित्येक पटींनी उतरतं. एफएसएच हे एएमएच वाढवणारं संप्रेरक, आणि वयात येताना एफएसएच तर वाढत असतं. तरीही एएमएच उतरतं, कारण टेस्टोस्टेरॉनचा त्याला दाबणारा जोर जास्त पडतो. अर्धसूत्री विभाजनात शिरलेल्या जननपेशी त्यात भर घालतात.

म्हणून वृषणावर काम करणाऱ्यांना एएमएच हे प्रथिन एखाद्या दर्शकासारखं वापरता येतं. सर्टोली पेशीत ते भरलेलं दिसलं तर पेशी कोवळी आहे, ओसरलं तर तिच्यापर्यंत टेस्टोस्टेरॉनचा निरोप पोचलाय. आता बाळाकडे परत पाहू. रक्तात टेस्टोस्टेरॉन मोठ्याच्या जवळपास, आणि एएमएचही भरपूर. दोन्ही एकाच वेळी चढी. वयात येतानाच्या नियमाप्रमाणे हे शक्यच नसायला हवं.

गर्भात तर ही विसंगती आणखी ठळक आहे. आठव्या-नवव्या आठवड्यापासून लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात, आणि मुलेरियन नलिका विरघळण्याचे दिवसही साधारण तेच, आठवा ते दहावा आठवडा. टेस्टोस्टेरॉनने त्या वेळी एएमएच दाबलं असतं, तर एक काम होताना दुसरं बिघडलं असतं आणि मुलाच्या पोटात गर्भाशय राहून गेलं असतं. एएमएच किंवा त्याच्या ग्राहीचं (संप्रेरक ज्याला चिकटून आपलं काम करतं त्या प्रथिनाचं) जनुक बिघडलेलं असतं तेव्हा खरोखर असंच होतं. बाहेरून पूर्ण मुलगा, आणि हर्नियाच्या किंवा न उतरलेल्या वृषणाच्या शस्त्रक्रियेत सर्जनच्या हाताला गर्भाशय लागतं. निरोगी गर्भात ही वेळ येत नाही, याचा अर्थ तिथल्या सर्टोली पेशी टेस्टोस्टेरॉनच्या माऱ्यातही निर्धास्त असतात.

संशय कोणाकोणावर होता

पहिला संशय कालावधीवर. मिनिप्युबर्टी चालते थोडे महिने; कदाचित तेवढा वेळ पुरत नसेल. हे अगदीच टाकाऊ नाही, पण गर्भातले महिने आणि जन्मानंतरचे महिने मिळून काळ काही कमी होत नाही. दुसरा संशय एफएसएचवर, पण तेही या काळात वाढलेलं असतं. तिसरा असा, की रक्तात दिसणारं टेस्टोस्टेरॉन वृषणाच्या आत पुरेसं नसेल. हा तर मुळातच टिकत नाही. टेस्टोस्टेरॉन बनतंच वृषणात, नलिकांच्या शेजारी बसलेल्या लायडिग पेशींत. त्यामुळे आतलं प्रमाण रक्तातल्याहून कितीतरी जास्त असतं.

उरला ग्राही. टेस्टोस्टेरॉन पेशीत शिरतं, अँड्रोजेन ग्राही नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि मग ते दोघं मिळून केंद्रकातल्या जनुकांवर काम करतात. ग्राहीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ते बिघडलं की काय होतं हे अँड्रोजेन असंवेदनशीलता असलेल्या व्यक्तींमुळे माहीत होतं. त्यांची गुणसूत्रं एक्सवाय, पोटात किंवा जांघेत वृषणं, पण बाह्य शरीर स्त्रीचं. एएमएचने आपलं काम केलेलं असल्यामुळे गर्भाशय नसतं. आणि या प्रकरणासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे वयात येताना त्यांचं एएमएच उतरत नाही, उलट चढतं. टेस्टोस्टेरॉन वाढलेलं, दाबणारा ग्राही निकामी, आणि एफएसएचचा वर ढकलणारा जोर शिल्लक.

आता हे चित्र निरोगी बाळाच्या शेजारी ठेवून पाहा. टेस्टोस्टेरॉन भरपूर, एएमएच भरपूर. बाळाची सर्टोली पेशी जणू असंवेदनशीलच आहे. फरक एवढाच, की बाळाच्या शरीरातल्या बाकीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला व्यवस्थित प्रतिसाद देत असतात. म्हणजे जनुक शाबूत आहे, पण या एका जातीच्या पेशीत ते बहुधा अजून सुरूच झालेलं नाही.

काचेवर काय दिसलं

हा तर्क तपासला तो ब्यूनोस आयर्समध्ये, रिकार्डो गुतिएरेस बाल रुग्णालयातल्या एंडोक्रिनॉलॉजी संशोधन केंद्रात. एक्तोर केमेस हे वृषणाच्या सूक्ष्मरचनेचे जाणकार आणि रोदोल्फो रे हे एएमएचवर आयुष्यभर काम केलेले. त्यांच्या गटाने गर्भापासून प्रौढापर्यंतच्या वृषणांच्या ऊतींमध्ये अँड्रोजेन ग्राही आणि एएमएच ही दोन्ही प्रथिनं कुठे दिसतात ते पाहिलं. निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला.

पद्धत पॅथॉलॉजीच्या कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेतली, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची. ऊतीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवतात. त्यावर त्या एका प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं सोडतात. जिथे ती चिकटतात तिथे रंगद्रव्याची क्रिया होऊन तपकिरी रंग उमटतो. बाकीची केंद्रकं हेमॅटॉक्सिलिनने निळी रंगवतात. ग्राही केंद्रकात काम करतो म्हणून त्याचा रंग केंद्रकात, आणि एएमएच बाहेर पाठवण्यासाठी बनतं म्हणून त्याचा रंग केंद्रकाभोवतीच्या पेशीद्रवात.

अशी बाळाच्या वृषणाची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली की नलिकांचे गोल-लांबट छेद दिसतात. प्रत्येक छेदाच्या भोवती चपट्या पेशींची एक पातळ कड असते. या स्नायूसारख्या पेशी नलिकेला बाहेरून आवळून धरतात. ग्राहीच्या रंगात त्यांची लांबट केंद्रकं तपकिरी उमटतात. त्यांना खेटूनच, नलिकेच्या आत, सर्टोली पेशींची केंद्रकं दाटीवाटीने बसलेली असतात, आणि ती निळीच राहतात. एकाच कापात, एकाच बाटलीतल्या प्रतिपिंडांनी, काही मायक्रॉनच्या अंतरावर एक पेशी तपकिरी आणि दुसरी निळी.

या दोन पेशींचं शेजारीपण मला सगळ्या अभ्यासातली सर्वांत भक्कम गोष्ट वाटते. कारण इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत ‘दिसलं नाही’ या निष्कर्षावर नेहमी शंका घेता येते. ऊत नीट टिकवली नसेल, प्रतिपिंड कमजोर असेल, वेळ चुकली असेल. पण नलिकेच्या कडेची पेशी त्याच काचेवर रंगली असेल, तर यातली एकही सबब चालत नाही. जन्मजात मिळालेली तुलना आहे ती.

वयानुसार चित्र असं निघालं. गर्भात आणि नवजात बाळात सर्टोली पेशींमध्ये ग्राही दिसत नाही. साधारण पाच महिन्यांच्या सुमारास मोजक्या पेशींत तो प्रथम दिसतो. तिथून चार वर्षांपर्यंत 2 ते 15 टक्के सर्टोली पेशींतच तो असतो, तोही फिका. पुढे प्रमाण वाढत जातं, आणि आठव्या वर्षापासून 90 टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये ग्राही ठळक दिसतो, तो थेट प्रौढपणापर्यंत. एएमएचचा रंग गर्भापासून सगळ्या बालपणात सर्व सर्टोली पेशींमध्ये गडद असतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती सुरू होते तसा फिकट होत जातो. पुढच्याच वर्षी, 2009 मध्ये, फ्रान्समधल्या गटानेही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष मांडला: गर्भात एएमएच दबत नाही, कारण सर्टोली पेशीत अँड्रोजेन ग्राहीच नसतो.

या वेळापत्रकात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ग्राही आठव्या वर्षी तयार होतो, पण मुलाचं टेस्टोस्टेरॉन तेव्हा जवळजवळ नसतंच. ते वाढायला आणखी दोन-चार वर्षं जावी लागतात. म्हणजे तीन महिन्यांच्या बाळात संप्रेरक आहे पण ग्राही नाही, आणि आठ वर्षांच्या मुलात ग्राही आहे पण संप्रेरक नाही. दोन्ही एकत्र येतात ती पहिली वेळ म्हणजे वयात येणं. वयात येण्याची सुरुवात मेंदूतून होते असं आपण शिकतो आणि ते खरंच आहे, पण वृषणाच्या बाजूची तयारी त्याआधी काही वर्षं, गाजावाजा न होता पूर्ण झालेली असते.

उलट बाजूने तपासणी

काचेवरचे रंग दोन गोष्टी सोबत घडतात एवढंच सांगतात. एकीमुळे दुसरी घडते हे सिद्ध करायला ग्राही मुद्दाम काढून किंवा मुद्दाम घालून पाहावा लागतो, आणि ते उंदरातच शक्य आहे.

2004 साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या गटाने फक्त सर्टोली पेशींतूनच अँड्रोजेन ग्राही काढून टाकलेले उंदीर तयार केले. बाकी शरीरात ग्राही शाबूत, त्यामुळे नर बाहेरून पूर्ण नर. पण शुक्रजंतूंची निर्मिती अर्धसूत्री विभाजनातच अडकली. म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा निरोप जननपेशींपर्यंत पोचवण्याचं काम सर्टोली पेशीच करतात. दुसऱ्या बाजूने सिडनीच्या गटाने 2013 साली उलटा प्रयोग प्रसिद्ध केला: सर्टोली पेशींत ग्राही वेळेआधीच सुरू करून दिला. अर्धसूत्री विभाजन लवकर सुरू झालं खरं, पण सर्टोली पेशींनी विभाजनही लवकर थांबवलं. त्यांची संख्या कमी राहिली आणि प्रौढ उंदराची वृषणं लहान झाली.

या दुसऱ्या प्रयोगात बाळाच्या कोड्याचं ‘कशासाठी’ दडलेलं आहे असं मी मानतो. एक सर्टोली पेशी ठराविकच जननपेशी सांभाळू शकते. त्यामुळे प्रौढपणी किती शुक्रजंतू तयार होतील, ते बालपणी किती सर्टोली पेशी जमल्या यावर बरंचसं ठरतं. पहिल्या काही महिन्यांत एफएसएच या पेशींची संख्या वाढवत असतं. त्याच महिन्यांत टेस्टोस्टेरॉनने त्यांना प्रौढ करून टाकलं असतं, तर भरती अर्ध्यावर थांबली असती. ग्राही नसल्यामुळे बाळाचं टेस्टोस्टेरॉन आपली बाकीची कामं निर्वेधपणे करू शकतं. शिश्नाची वाढ त्यातलंच एक काम. ज्या मुलांत पीयूषिकेचीच संप्रेरकं कमी असतात, त्यांची मिनिप्युबर्टी हुकते. त्यांच्यात लहान शिश्न, न उतरलेली वृषणं, छोटी वृषणं या खुणा दिसतात.

माणसातला पुरावा एका दुर्मीळ आजारातून येतो. लायडिग पेशींची गाठ झालेल्या लहान मुलांच्या वृषणांचा अभ्यास केमेस आणि सहकाऱ्यांनी 1982 सालीच मांडला होता. गाठीतून टेस्टोस्टेरॉन पाझरत असतं. गाठीला लागून असलेल्या नलिका मोठ्या होऊन त्यांत शुक्रजंतूंची निर्मिती सुरू झालेली होती. लांबच्या नलिका मात्र वयाला साजेशा, लहान मुलाच्याच. रक्तातलं संप्रेरक सगळ्यांना सारखंच मिळत होतं, तरी बदल झाला तो जिथे ते स्थानिक पातळीवर दाट होतं तिथेच.

आणि ग्राही एएमएच दाबतो तरी कसा? एएमएच जनुकाच्या सुरुवातीच्या भागात ग्राही बसेल अशी त्याची नेहमीची जागाच नाही. ब्यूनोस आयर्सच्याच गटाने 2018 साली दाखवलं, की दाबण्यासाठी तिथल्या एसएफ-1 या प्रथिनाच्या जागा शाबूत असाव्या लागतात. एसएफ-1 हे एएमएच चालू ठेवणाऱ्यांपैकी एक. म्हणजे ग्राही जनुकाला थेट कुलूप न घालता, ते चालवणाऱ्याचा हात धरतो.

दवाखान्यात याचा उपयोग

बाळाची दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील, तर पहिला प्रश्न असतो: ती पोटात आहेत, की नाहीतच? सहा महिन्यांनंतर टेस्टोस्टेरॉन मोजून काही कळत नाही, कारण त्या वयात निरोगी मुलातही ते नसल्यात जमा असतं. एचसीजी या एलएचसारखं काम करणाऱ्या संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन वृषणाला डिवचावं लागतं. एएमएच मात्र सगळं बालपण भरपूर असतं. रक्तात ते मोजण्याइतकं सापडलं तर वृषणाची ऊत शरीरात कुठेतरी आहे. बोस्टनच्या गटाने 1997 साली हे पद्धतशीर दाखवल्यापासून ही तपासणी रुळली. हे सगळं शक्य होतं ते सर्टोली पेशीत ग्राही नसल्यामुळेच. तो जन्मापासून असता, तर मिनिप्युबर्टीने एएमएच दाबून टाकलं असतं आणि ऐन गरजेच्या महिन्यांत तपासणी फसवी ठरली असती.

आपल्याकडच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. मुलाचा एएमएच रिपोर्ट हातात आला की शेजारी छापलेली संदर्भ मर्यादा कोणासाठी आहे ते आधी पाहा. ही तपासणी बहुतेक वेळा बायकांसाठी होते, त्यामुळे छापलेले आकडेही त्यांच्याच वयोगटांचे असू शकतात. लहान मुलाचं प्रमाण त्याहून खूप वर असणं हे निरोगीपणाचंच लक्षण आहे. मुलाच्या वयाशी तुलना करूनच डॉक्टरांशी बोला. आणि वृषण उतरलेलं नसेल तर रिपोर्टच्या भरवशावर थांबू नका. शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करावी असा सल्ला दिला जातो.

अजून मोकळं असलेलं टोक

ग्राहीने सगळं कोडं सुटलं असं म्हणणं घाईचं होईल. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतले सुबीर मजुमदार आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या पिलांच्या सर्टोली पेशी वेगळ्या काढून वाढवल्या आणि 2012 साली मांडलं, की शैशवात अँड्रोजेनचा आणि एफएसएचचा, दोन्ही संदेश पेशीच्या आत पुरेसे उतरत नाहीत. म्हणजे कोवळी सर्टोली पेशी एकाच नाही, दोन्ही संप्रेरकांबाबत अर्धवट तयार असते. मला हे काम मोलाचं वाटतं, कारण उंदरात जन्म आणि ग्राही दिसणं यांत काही दिवसांचंच अंतर असतं. माणसासारखं लांबलचक बालपण असलेला प्राणी म्हणजे माकडच.

खरा प्रश्न त्या चार ते आठ वर्षांच्या पट्ट्यात आहे. त्या वयात पीयूषिका जवळजवळ गप्प असते, एलएच नाही, टेस्टोस्टेरॉन नाही, आणि नेमक्या त्याच शांततेत सर्टोली पेशींमध्ये ग्राहीचं जनुक एकामागून एक पेशीत सुरू होत जातं. ते बाहेरच्या संप्रेरकाच्या हुकमाने होतंय असं दिसत नाही. मग ते पेशीच्या आतल्या कुठल्या घड्याळाने, की शेजारच्या जननपेशींच्या वाढत्या संख्येमुळे, की नलिकेच्या कडेला आधीपासून ग्राही बाळगून बसलेल्या त्या चपट्या पेशींच्या सांगण्यावरून? पैज लावायची तर मी तिसऱ्या शक्यतेवर लावेन. टेस्टोस्टेरॉनचं ऐकू शकणारी आणि सर्टोली पेशीला खेटून असलेली पेशी जन्मापासून तीच एक आहे.